आकडा कुठून घेतला?

रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्याचा कारभार पालीतून चालतो. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला बाहेरगावचे लोक येतात, तसे तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतले लोक कागदांसाठी पालीला येतात: उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सातबारा, आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि आता पंधरा रुपये भरले की तो घरबसल्या उतरवून घेता येतो. पण ज्याच्या घरात संगणक नाही आणि मोबाइलला धड रेंज नाही, त्याला सेवा केंद्रातच यावं लागतं. कुठल्याही सेवा केंद्रात रांग अडली की काउंटरमागचा मुलगा म्हणतो, “सर्व्हर स्लो आहे काका, थोडं थांबा.”

त्या वेळी तो सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्यासमोरच्या पडद्यावर काय दिसत असतं? पुष्कळदा सगळं हिरवं. प्रोसेसर १६ टक्के वापरात, मेमरी शिल्लक, डिस्क ठीक. रांगेतले काका खोटं बोलत नसतात आणि पडद्यावरचा आकडाही बनावट नसतो. दोघांनी मोजणी वेगळ्या जागी केलेली असते, वेगळ्या अंतराने केलेली असते. म्हणून संगणकाच्या कामगिरीचा कुठलाही आकडा समोर आला की तो कुठून घेतला आणि किती वेळाने घेतला, हे आधी विचारावं. देखरेखीचं निम्मं शास्त्र या दोन प्रश्नांत आहे असं मला वाटतं. आणि या प्रश्नांचा फार जुना, फार नेटका विचार झाला तो रायगड जिल्ह्यातच, अलिबागला. तिथे आपण पोचणार आहोत. त्याआधी सर्व्हरच्या पोटात डोकवू.

पाली ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, पनवेलला, जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचं ‘एनएम१’ हे डेटा सेंटर सुरू झालं. ७,२०० रॅक मावतील एवढी ती इमारत आहे. रॅक म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायचं लोखंडी कपाट. अशा इमारतींमधल्या एकेका सर्व्हरवर आज सहसा एकच काम चालत नाही. त्यावर हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं आणि ते त्या एका यंत्रातून वीस-तीस आभासी संगणक उभे करतं. या आभासी संगणकांना व्हीएम म्हणतात आणि त्या सगळ्यांना पोटात घेऊन चालणाऱ्या खऱ्या यंत्राला होस्ट. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ बाजारात आणलं होतं. साध्या सर्व्हरवर ही सोय आली ती १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीमुळे, २००१ च्या सुमारास. आणि २००७ मध्ये केव्हीएमच्या रूपाने ती लिनक्सच्या गाभ्यातच आली.

यात एक आश्वासन दडलेलं असतं. समजा होस्टला १६ कोअर आहेत. त्यावर ३० व्हीएम बसवले आणि प्रत्येकाला ४ प्रोसेसर दिले, तर १६ गोष्टींवर १२० वायदे झाले. सगळ्यांना एकाच वेळी काम येत नाही तोवर हे उत्तम चालतं, आणि खर्च वाचतो म्हणून ते रास्तही आहे. दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशांसाठी दाखल्यांची झुंबड उडते तेव्हा मात्र बरेच व्हीएम एकदम हात पुढे करतात. मग हायपरव्हायजर त्यांना पाळीपाळीने प्रोसेसर देतो आणि बाकीचे ताटकळतात.

इथे मोजणीची पहिली अडचण येते. झोपलेल्या माणसाला आपण किती वेळ झोपलो हे जागं झाल्यावर, भिंतीवरचं घड्याळ पाहूनच कळतं. ताटकळलेल्या व्हीएमचं तसंच होतं. त्याला थांबवून ठेवलेला काळ त्याच्यापुरता घडलेलाच नसतो. जुन्या व्यवस्थांमध्ये तर व्हीएमचं घड्याळसुद्धा ठोके मोजून चालायचं. थांबवलेल्या वेळेतले ठोके चुकायचे आणि नंतर घाईने भरून काढले जायचे. अशा घड्याळावर मोजलेली टक्केवारी किती विश्वासाची?

व्हीएमच्या आत बसून लिनक्सची ‘टॉप’ ही आज्ञा चालवली (या नावाची मूळ आज्ञा १९८४ साली विल्यम लफेव्हर यांनी लिहिली; लिनक्सवरची तिची बहीण अजून रोज वापरात आहे), तर प्रोसेसर निवांत दिसू शकतो आणि तरीही वापरणाऱ्याला उत्तर उशिरा मिळू शकतं. केव्हीएम आणि झेन या हायपरव्हायजरांनी यावर एक प्रामाणिक तोड काढली. आपण व्हीएमला किती वेळ ताटकळत ठेवलं हे ते त्याला सांगतात आणि ‘टॉप’मध्ये ते ‘स्टील’, म्हणजे चोरीला गेलेला वेळ, या रकान्यात दिसतं. हा रकाना शून्याच्या वर चढत असेल तर आपल्या व्हीएमचा प्रोग्रॅम तपासत बसण्यात अर्थ नसतो. दुखणं बाहेर असतं. सगळ्याच हायपरव्हायजरांवर हा आकडा आत पोचत नाही. तिथे होस्टवर जाऊनच पाहावं लागतं.

‘होस्टवर जाऊन’ हेही वाटतं तेवढं सरळ नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्यवस्थेत होस्टवर बसून टास्क मॅनेजर उघडला तर त्यात होस्टच्या स्वतःच्या विंडोजने वापरलेला प्रोसेसर दिसतो. त्यावरच्या व्हीएमनी किती वापरला हे त्यात धरलेलं नसतं. कारण ते विंडोजसुद्धा हायपरव्हायजरच्या वरच बसलेलं असतं, एका विशेष मानाच्या व्हीएमसारखं. यंत्र घामाघूम झालेलं असताना टास्क मॅनेजर ५ टक्के दाखवू शकतो. खरा आकडा पाहायला परफॉर्मन्स मॉनिटर उघडून त्यातली हायपरव्हायजरची मोजपट्टी निवडावी लागते. म्हणजे ‘स्थानिक’ मोजणीचेही तीन मजले झाले: व्हीएमच्या आत, होस्टच्या व्यवस्थापक भागात आणि खाली हायपरव्हायजरमध्ये. एकाच क्षणी तिन्ही मजल्यांवरचे आकडे वेगळे येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

व्हीएमवेअरच्या होस्टवर हे काम ‘ईएसएक्सटॉप’ करतं. ते दर ५ सेकंदांनी पडदा ताजा करतं आणि प्रत्येक व्हीएम किती टक्के वेळ ‘तयार, पण प्रोसेसरच्या प्रतीक्षेत’ होता हे ‘रेडी’ या रकान्यात सांगतं. एका प्रोसेसरमागे हा आकडा ५ टक्क्यांपुढे गेला की अनुभवी माणसं सावध होतात; १० टक्के झाले की हातातलं काम टाकून धावतात. माझ्या लेखी स्थानिक साधनांचं खरं मोल या पाच सेकंदांत आहे. दुखणं चालू असताना, त्याच्या जवळ उभं राहून, ते कुठे आहे हे बोटाने दाखवता येतं. नेटवर्क बिघडलं असेल तरी यंत्रासमोर उभं राहिलेल्या माणसाला हे साधन उत्तर देतं.

पण ही नजर एका यंत्रापुरती असते. व्हीएमवेअरने २००३ मध्येच चालता व्हीएम न थांबवता एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायची सोय आणली. सकाळी पहिल्या होस्टवर तक्रार करणारा व्हीएम दुपारी तिसऱ्या होस्टवर असू शकतो. पहिल्या होस्टच्या वहीत त्याचं नाव मध्येच संपतं. शिवाय मुद्दाम फाइलमध्ये साठवल्याशिवाय ईएसएक्सटॉप मागचं काही लक्षात ठेवत नाही. आणि ती फाइल त्याच यंत्राच्या डिस्कवर ठेवली तर यंत्र बसल्यावर साक्षीदारही त्याच्याबरोबर जातो.

म्हणून दुरून पाहायची साधनं आली. एसएनएमपी हा यंत्रांना दुरून प्रश्न विचारायचा ठराव १९८८ चा. नॅगिऑस १९९९ चं, झॅबिक्स २००१ चं, आणि साउंडक्लाउड या संगीत कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेलं प्रोमिथियस आज सगळीकडे दिसतं. तपशील वेगळे असले तरी गाभा एकच आहे: मध्यवर्ती यंत्र ठरावीक अंतराने प्रत्येक होस्टला आकडे विचारतं किंवा होस्टवरचा छोटा प्रोग्रॅम ते पाठवतो, आणि मग सगळ्यांचे आलेख एकाच पडद्यावर येतात. शंभर होस्ट सांभाळायचे तर याला पर्याय नाही.

इथली फसगत ‘ठरावीक अंतराने’ या शब्दांत आहे. एसएनएमपीचे जुने मोजणारे ३२ बिटांचे होते. ते ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर यायचे. सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणारी वाहिनी पूर्ण भरून चालली तर बाइट मोजणारा असा मोजणारा ३४ सेकंदांत पूर्ण फिरतो. त्याला दर पाच मिनिटांनी विचारलं तर मधल्या काळात तो आठ वेळा फिरून आलेला असतो आणि आलेखावर उमटतो निव्वळ कचरा, पण दिसायला अगदी गुळगुळीत. पुढे ६४ बिटांचे मोजणारे आले आणि ही अडचण मिटली.

सरासरीची अडचण मात्र मिटलेली नाही. एखादा व्हीएम दर पाच मिनिटांतले २० सेकंद १०० टक्के भाराने चालतो आणि उरलेल्या २८० सेकंदांत १० टक्क्यांवर असतो. त्या २० सेकंदांत ज्याने बटण दाबलं त्याचं पान उघडत नाही. पाच मिनिटांची सरासरी काढली की उत्तर येतं बरोबर १६ टक्के. अभियंत्याच्या पडद्यावरचा १६ तो हाच.

व्हीएमवेअरचं मध्यवर्ती साधन, व्हीसेंटर, यात काय करतं ते पाहण्यासारखं आहे. ते दर २० सेकंदांचा आकडा घेतं, पण तो तासभरच सांभाळतं. मग दिवसाच्या आलेखासाठी पाच-पाच मिनिटांची सरासरी किंवा बेरीज, आठवड्यासाठी अर्ध्या तासाची, महिन्यासाठी दोन तासांची आणि वर्षासाठी पूर्ण दिवसाची. दुपारी बारा वाजता रांग अडली आणि तक्रार तीन वाजता पोचली, तर २० सेकंदांचे आकडे पुसले गेलेले असतात. यात आणखी एक खोच आहे. ‘रेडी’चा आकडा व्हीसेंटर मिलिसेकंदांच्या बेरजेत दाखवतं. २० सेकंदांच्या आलेखात १,००० दिसले तर ते ५ टक्के. पाच मिनिटांच्या आलेखात त्याच ५ टक्क्यांचे १५,००० दिसतात. दुखणं तेवढंच, आकडा पंधरापट. अंतर न पाहता आकडा वाचणारा माणूस एका आलेखाने निश्चिंत होतो आणि दुसऱ्याने हादरतो.

आता अलिबागकडे वळू; तिथली वाट मुंबईतल्या कुलाब्यावरून जाते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवली जात होती. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरून सुटलेलं प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं. त्याला आज कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात. कुलाब्याच्या निरीक्षकांनी वादळ चढताना नेहमीच्या ताशी नोंदींवर न थांबता काही मिनिटांच्या अंतराने डोळ्यांनी वाचन करून आकडे लिहून ठेवले. त्या वहीत चुंबकीय क्षेत्राची आडवी मात्रा सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचं दिसतं. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासामुळे ही वही जगभर प्रसिद्ध झाली. त्या संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. पुढे २००६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच नोंदींची तासाची सरासरी काढली, तेव्हा तो आकडा सुमारे ८५० वर आला. वही तीच आणि वादळही तेच. मोजायचं अंतर बदलताच निम्मी खोली दिसेनाशी झाली. एकोणिसाव्या शतकातल्या त्या निरीक्षकांनी फक्त ताशी नियम पाळला असता, तर त्या दिवसाचं खरं रूप आपल्याला कधीच कळलं नसतं.

मला यात देखरेखीचा एक आदर्श दिसतो. शांत काळात विरळ नोंद, गडबड दिसताच दाट नोंद. आजही हे करता येतं. दुरून पाहणाऱ्या साधनाने ‘रेडी’ वाढल्याचं ओळखलं की त्या होस्टवरचं स्थानिक साधन आपोआप सुरू व्हावं आणि त्याने दहा-पंधरा मिनिटांची पाच-पाच सेकंदांची नोंद दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवावी. दुरून पाहणारा आणि जवळून पाहणारा हे एकाच कामाचे दोन टप्पे झाले की माणसाने धावत जाईपर्यंत पुरावा पुसला जात नाही.

कुलाब्याची गोष्ट इथे संपत नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत विजेची ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या चुंबकमापकांच्या नोंदी बिघडणार हे वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी ओळखलं. मोजायचं यंत्र गोंगाटाच्या मध्यभागी ठेवून चालणार नाही. म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत, १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. त्याआधी, १९०४ ते १९०६ या काळात, कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडची यंत्रं एकाच वेळी चालवून त्यांच्या आकड्यांमधला फरक काढण्यात आला. त्यामुळे जागा बदलूनही मालिका तुटली नाही.

होस्टवर स्थानिक साधन चालवणाऱ्याने मूस यांचं हे काम डोळ्यांपुढे ठेवावं. ज्या प्रोसेसरवर भार मोजायचा त्याच प्रोसेसरवर मोजणारा प्रोग्रॅम चालतो आणि त्याची भर आकड्यात पडते. पाच सेकंदांनी डोकावणाऱ्या साधनाचा भार नगण्य असतो, पण तीस व्हीएमचे शेकडो आकडे दर सेकंदाला खोदून काढणारा प्रोग्रॅम दमलेल्या यंत्राला आणखी दमवतो. आणि साधन बदलताना, म्हणजे जुनं स्थानिक साधन काढून दूरचं नवं आणताना, दोन्ही काही आठवडे शेजारी चालवावीत. आपल्याकडे हे क्वचितच होतं. नव्या पडद्याचं उद्घाटन झालं की जुना त्याच दिवशी बंद होतो, आणि पुढे आकड्यात उडी दिसली तर ती यंत्राची की मोजपट्टीची, हे सांगणारं कुणी उरत नाही.

दूरच्या देखरेखीचा आणखी एक धोका रायगडकरांनी ३ जून २०२० ला अनुभवला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा वेळी दूरच्या पडद्यावर एखादं ठिकाण गप्प होतं. गप्प होणं म्हणजे यंत्र बंद पडणं, की फक्त वाट तुटणं? पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. काही साधनं आकडा आला नाही तर त्या जागी शून्य काढतात; ही माझ्या मते अक्षम्य चूक आहे. न आलेला आकडा ‘आला नाही’ असाच दिसला पाहिजे. आणि होस्टवर स्थानिक नोंद साठत राहिली, वाट सुरू झाल्यावर ती मागाहून पाठवली गेली, तर आलेखातलं भगदाड नंतर भरता येतं.

मोठमोठे लोकही यात अडकले आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं स्वतःचं अंतर्गत जाळं एका चुकीच्या आज्ञेने तुटलं आणि सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम बंद राहिले. बिघाड शोधायची दूरची साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने निकामी झाली. शेवटी अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये जाऊन यंत्रांसमोर उभं राहावं लागलं. पाहणाऱ्याचा रस्ता आणि ज्याच्याकडे पाहायचं त्याचा रस्ता एकच असू नये, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिलं. चांगल्या सर्व्हरमध्ये याचसाठी वेगळी छोटी चिप आणि वेगळं नेटवर्क पोर्ट असतं. मुख्य यंत्र गोठलं तरी तिच्याशी बोलता येतं. तिची तार वेगळ्या स्विचला जोडायला मात्र विसरू नये.

आता पुन्हा पालीच्या रांगेकडे. व्हीएमच्या आत, होस्टवर, हायपरव्हायजरमध्ये, दूरच्या मध्यवर्ती पडद्यावर, एवढ्या सगळ्या ठिकाणी मोजणी झाली. पण काका जिथे उभे आहेत तिथे कुणी मोजपट्टी लावली? पालीतून निघालेली विनंती गावातल्या तारेतून, टॉवरमधून, मुंबईच्या जाळ्यातून, सुरक्षेच्या भिंतींतून होस्टपर्यंत जाते आणि तशीच परत येते. या वाटेतला उशीर डेटा सेंटरच्या आत बसून कधीच दिसणार नाही. तो मोजणं अवघड नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक छोटा संगणक ठेवायचा, त्याने दर पाच मिनिटांनी सामान्य माणसासारखं पान मागायचं, किती सेकंद लागले ते स्वतःजवळ लिहायचं आणि जमेल तेव्हा पुढे पाठवायचं. हे तंत्र जुनं आणि स्वस्त आहे, मोठ्या खासगी कंपन्या ते सर्रास वापरतात.

सरकारी सेवांच्या निविदा लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. करारात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असं लिहिलं जातं. त्याचा अर्थ वर्षातून पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी करार मोडला नाही. हे पावणेनऊ तास मध्यरात्रीचे की कचेरीच्या वेळेतले, आणि ते डेटा सेंटरच्या दारात मोजले की पालीच्या काउंटरवर, हेही त्याच कलमात लिहा. आणि मोजलेले आकडे सरासरी न काढता, ज्या दिवशीचे त्या दिवशी, तालुक्याच्या लोकांना पाहू द्या.